४०१के मधले पैसे कंपनीने परत पाठवले, प्लॅन टेस्टमध्ये नापास झाला म्हणे

मोगरा_ओहायो | ११ मार्च २०२५

काल पोस्टात एक पाकीट आलं. आत १०,६५० डॉलर अधिक त्यावरची थोडी कमाई असा चेक आणि एक पानी पत्र. पत्रात लिहिलंय की २०२४ मध्ये मी ४०१के मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचत खात्यात, भरलेल्या २३,००० पैकी एवढी रक्कम जादा ठरली, कारण आमचा प्लॅन 'एडीपी टेस्ट' पास झाला नाही.

२३,००० ही त्या वर्षाची सरकारी मर्यादाच होती. मी एक डॉलरही वर गेले नाही. वर्षभर दर पगारातून कापून घेतले, उन्हाळ्यात भारतात जाणं पुढे ढकललं, आणि आता निम्मे पैसे परत हातात. वाईट वाटलं हो.

मी अन्नपदार्थ पॅक करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. पत्रात माझा उल्लेख 'हायली कॉम्पेन्सेटेड एम्प्लॉयी' असा आहे. २०२३ मध्ये बोनस धरून माझे १,५२,००० झाले होते. घराचा हप्ता आणि दोन मुलांचं डेकेअर भरून मला कधी 'हायली' वाटलेलं नाही, पण ते असो.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. २०२४ चं टॅक्स रिटर्न आता बदलावं लागेल का? कंपनीने दिलेला मॅच, म्हणजे माझ्या बचतीवर तिने घातलेले पैसे, तेसुद्धा परत जाणार का? आणि पुढच्या वर्षी पुन्हा असंच होणार असेल तर मी काय करू शकते?

नागपूरकर_डॅलस | ११ मार्च २०२५

आमच्याकडे दोन वेळा झालंय हे. चेक येतो, आपण टॅक्स भरतो, संपलं. बहुतेक २०२४ चं रिटर्न अमेंड करावं लागेल तुम्हाला.

आकडेमोड | ११ मार्च २०२५

नागपूरकर, ते जुनं झालं. २००८ च्या प्लॅन वर्षापासून नियम बदलला. असा रिफंड ज्या वर्षी हातात पडतो त्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात. मोगराताई, तुमचा चेक मार्च २०२५ चा आहे, म्हणजे तो २०२५ च्या रिटर्नमध्ये जाईल. पुढच्या जानेवारीत १०९९-आर हा टॅक्सचा फॉर्म येईल, तो जपून ठेवा. २०२४ च्या रिटर्नला हात लावू नका. मुदतीआधी पैसे काढल्याचा १० टक्के दंड यावर लागत नाही. हे सगळं तुमचे पैसे करपूर्व असतील तर. रॉथमध्ये, म्हणजे कर भरून झालेले पैसे भरले असतील तर कर फक्त कमाईवर.

बाकी रात्री सविस्तर लिहितो. गेली चौदा वर्षं लहान-मध्यम कंपन्यांचे प्लॅन सांभाळणाऱ्या ऑफिसात काम करतोय, आणि जानेवारी ते मार्च आमचं दुसरं काम नसतं.

आकडेमोड | १२ मार्च २०२५

हं, आता टेस्ट म्हणजे काय ते.

४०१के ला जी करसवलत मिळते ती सरकारने एका अटीवर दिली आहे: प्लॅनचा फायदा फक्त मालक आणि वरच्या पगाराच्या लोकांच्या पदरात पडता कामा नये. म्हणून याला नॉन-डिस्क्रिमिनेशन टेस्टिंग म्हणतात. इथे भेदभाव वर्णाचा किंवा लिंगाचा नाही, पगाराचा.

सगळे पात्र कर्मचारी दोन गटांत टाकायचे. पहिला गट एचसीई, म्हणजे तुमच्या पत्रातले 'हायली कॉम्पेन्सेटेड एम्प्लॉयी'. आदल्या वर्षी ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार असलेले (२०२४ च्या टेस्टसाठी २०२३ चा पगार १,५०,००० च्या वर), किंवा कंपनीत ५ टक्क्यांहून जास्त मालकी असलेले, मग त्यांचा पगार कितीही असो. दुसऱ्या गटात बाकी सगळे. मग प्रत्येकाने पगाराच्या किती टक्के भरले ते काढायचं आणि दोन्ही गटांची सरासरी घ्यायची.

दुसऱ्या गटाची सरासरी २ टक्क्यांपर्यंत असेल तर एचसीईंची त्याच्या दुप्पट चालते. २ ते ८ च्या मध्ये असेल तर दोनने जास्त चालते. ८ च्या वर असेल तर सव्वापट. बस. ही झाली एडीपी. अगदी असंच गणित कंपनीच्या मॅचवर आणि करपश्चात भरलेल्या पैशांवर करतात, त्याला एसीपी म्हणतात.

लोकांचं गाडं अडतं ते एका ठिकाणी: जे काहीच भरत नाहीत ते सुद्धा सरासरीत शून्य म्हणून मोजले जातात. भरणारे भरपूर भरत असले तरी न भरणारे सरासरी खाली ओढतात.

नापास झालं की कंपनीपुढे दोन वाटा. खालच्या गटाच्या खात्यात आपल्या खिशातून पैसे टाकायचे (त्यांना क्यूनेक म्हणतात, आणि ते पहिल्या दिवसापासून पूर्णपणे कर्मचाऱ्याचे असतात), किंवा वरच्या गटाचे जादा पैसे परत करायचे. परत करायचे तर वर्ष संपल्यावर अडीच महिन्यांत, नाहीतर कंपनीला १० टक्के अबकारी कर बसतो. म्हणून हे चेक बहुतेक १५ मार्चच्या आत येतात.

नागपूरकर_डॅलस | १२ मार्च २०२५

माहिती उत्तम, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. दुसरा माणूस बचत करत नाही, त्याची शिक्षा मला का? मी त्याला अडवलंय का?

पंचगंगा | १२ मार्च २०२५

नागपूरकर, माझे वडील इचलकरंजीला सूतगिरणीत होते. त्यांचा पीएफ १२ टक्के कापला जायचा आणि मालक तेवढेच घालायचा. मालकाच्या वाट्यातले काही पेन्शनकडे जायचे, पण वाटा सुटायचा नाही. भरायचे का, किती भरायचे, असं कुणी विचारलंच नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्या रकमेतून घरावर स्लॅब पडला आणि धाकट्या आत्याचं लग्न झालं. विचारलं असतं तर महिन्याच्या ओढाताणीत त्यांनी नक्कीच 'नको, पुढच्या वर्षी बघू' म्हटलं असतं.

इथे सगळं ऐच्छिक आहे. म्हणून इथे कायदा सक्ती करत नाही, निकाल तपासतो. मला तरी हे न्याय्य वाटतं.

आकडेमोड | १२ मार्च २०२५

पंचगंगा, नेमकं बोललात. थोडा इतिहास जोडतो. ४०१के हे कलम १९७८ च्या कायद्यात आलं आणि १९८० पासून लागू झालं, तेव्हापासूनच ही तुलना त्यात आहे. १९८६ च्या करसुधारणेत ती आणखी कडक केली, मॅचची वेगळी टेस्ट आणली आणि वर्षाला ७,००० डॉलरची मर्यादा घातली. कारण सरळ होतं. ही सवलत सरकारी तिजोरीतून जाते. वरच्या टॅक्स ब्रॅकेटच्या माणसाचा डॉलरमागे फायदा मोठा, खालच्याचा छोटा. सवलत हवी असेल तर खालचे लोकही प्लॅनमध्ये आले पाहिजेत, ही जबाबदारी कंपनीवर टाकली.

नागपूरकर, तुमचा राग समजतो. पण तो शेजारच्या डेस्कवर काढण्याआधी एकदा प्लॅनचा मॅच किती आहे ते बघा. नापास होणाऱ्या प्लॅनमध्ये घोडं बहुतेक वेळा तिथेच पेंड खातं.

मोगरा_ओहायो | १४ मार्च २०२५

आज एचआरकडे जाऊन आले. त्यांनी नावं न सांगता आकडे दिले.

पात्र कर्मचारी ८४. एचसीई १०, बाकीचे ७४. त्या ७४ पैकी ४१ जण काहीच भरत नाहीत. उरलेले ३३ सरासरी ६ टक्के भरतात. म्हणजे गटाची सरासरी २.६८ टक्के. आम्हाला परवानगी ४.६८ ची, आमची सरासरी निघाली ८.१. आमच्यातल्या सहा जणांनी पूर्ण २३,००० भरले होते, आणि सहाही जणांना सारखीच मूळ रक्कम परत आली. पगार वेगळे असून रक्कम सारखी कशी?

आणि मॅच: पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे २५ सेंट. म्हणजे जास्तीत जास्त पगाराचा १ टक्का. तोही सहा वर्षांत हळूहळू आपला होतो, दुसऱ्या वर्षी २० टक्के, मग दरवर्षी आणखी २०.

आकडेमोड | १४ मार्च २०२५

एकूण किती परत करायचे हे टक्केवारीने ठरतं, पण कुणाला किती हे डॉलरने. ज्याने जास्त डॉलर भरले त्याच्यापासून सुरुवात करून खाली यायचं. सगळे २३,००० वर उभे होते, म्हणून सगळे सारखेच खाली आले.

मॅचची काळजी नको. तुमचे १२,३५० अजून आत आहेत. ते पगाराच्या साडेसात टक्क्यांच्या वर जातात आणि मॅच फक्त पहिल्या ४ टक्क्यांवर आहे. परत गेलेल्या पैशांवर मॅच मिळालेला असता तर तेवढा जप्त झाला असता. तुमच्या बाबतीत तसं नाही. एसीपी तुमची पास झालेली दिसते.

आणि आता कंपनीच्या बाजूने बघा. त्या ७४ जणांचा एकूण पगार साधारण साडेपस्तीस लाख डॉलर धरला, आणि त्यांची सरासरी २.६८ वरून ६.१ ला न्यायची ठरवली (म्हणजे तुमची ८.१ चालेल), तर क्यूनेकचा खर्च १,२१,००० डॉलर. चेक परत पाठवायला फक्त टपालखर्च. मालक काय निवडणार?

दंतवैद्य_ह्यूस्टन | १५ मार्च २०२५

आमचं छोटं क्लिनिक आहे. मी, पत्नी आणि सात जणांचा स्टाफ. पत्नी अर्धवेळ हिशेब बघते, पगार ३०,०००. सगळ्यांनी सांगितलं होतं की दोघांचंही ४०१के पूर्ण भरा, म्हणून तिनेही २३,००० भरले. मला वाटलं, तिचा पगार एवढासा, ती कुठून एचसीई होणार? पण मालकाची पत्नी म्हणून माझी मालकी तिची धरली जाते. मुलं आणि आईवडील कामावर असते तर त्यांचीही.

तिची टक्केवारी निघाली ७६ च्या वर! माझी ६.६७ (पगार कितीही असला तरी २०२४ साठी ३,४५,००० च्या वरचा मोजत नाहीत). दोघांची सरासरी ४१ च्या पुढे. स्टाफची सरासरी ३, म्हणजे आम्हाला परवानगी ५ ची. दोघांचे मिळून २७,२५० परत आले, प्रत्येकी १३,६२५.

यंदा 'सेफ हार्बर' केलं, म्हणजे कंपनीने ठरावीक पैसे घातले की टेस्टमधून सुटका. स्टाफला ते भरोत वा न भरोत, पगाराच्या ३ टक्के मी घालतो. वर्षाला ९,००० खर्च येतो. मला आधी ते ओझं वाटलं होतं. परवा आमच्या हायजिनिस्टने स्टेटमेंट उघडून दाखवलं, तिच्या आयुष्यातलं पहिलं रिटायरमेंट खातं. बावीस वर्षं ती या व्यवसायात आहे. ते बघून मला आधीची सगळी वर्षं खटकली.

नवा_पाहुणा | १५ मार्च २०२५

सगळ्यांना नमस्कार. मी एच-१बी वर आहे, पहिली नोकरी न्यू जर्सीत. काका-मावशींनो, मला एक सांगा. आधीच्या कंपनीत ६ टक्क्यांपर्यंत डॉलरमागे ५० सेंट मॅच होता. मी दोन वर्षं सात महिन्यांनी सोडली. खात्यात मॅच दिसत होता, आणि सोडल्यावर सगळा गेला. माझी काही चूक झाली का?

आकडेमोड | १५ मार्च २०२५

चूक नाही, पण प्लॅनचं पुस्तक वाचायला हवं होतं. तुमच्या कंपनीत तीन वर्षांचा 'क्लिफ' असणार. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत मॅचवर तुमचा हक्क शून्य, त्या दिवशी एकदम शंभर टक्के. कायद्याने मॅचसाठी जास्तीत जास्त एवढंच ताणता येतं: एकतर तीन वर्षांचा क्लिफ, नाहीतर मोगराताईंच्या कंपनीसारखा सहा वर्षांचा जिना. तुम्ही स्वतः भरलेले पैसे मात्र पहिल्या दिवसापासून तुमचेच. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

व्हिसावर नोकरी बदलणाऱ्या आपल्या मुलांचं यात फार नुकसान होतं. ऑफर लेटर हातात आलं की तारीख मोजा. पाच महिने थांबल्याने दोन-अडीच वर्षांचा मॅच वाचत असेल तर नव्या कंपनीशी रुजू होण्याच्या तारखेबद्दल किंवा जॉइनिंग बोनसबद्दल बोलता येतं.

सईची_आई | १६ मार्च २०२५

माझाही एक अनुभव, पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून. पगार १,२०,०००, वर्षाला २४ पेचेक, मॅच पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर. मी उत्साहाने जानेवारीपासून ५० टक्के कापायला लावले. दहाव्या पेचेकला २३,००० ची मर्यादा गाठली. आमचा मॅच दर पेचेकचा वेगळा मोजतात. पुढच्या चौदा पेचेकमध्ये मी काही भरलंच नाही, त्यामुळे मॅचही नाही. ६,००० मिळायचे तिथे २,५०० मिळाले.

वर्षाअखेरीस फरक भरून देतात का, म्हणजे 'ट्रू-अप' आहे का, हे आधी विचारा. नसेल तर रक्कम वर्षभर पसरवा.

मोगरा_ओहायो | २ एप्रिल २०२५

आकडेमोड यांनी मॅच बघा म्हटलं होतं, ते डोक्यातून जाईना. त्या ४१ जणांत लाइनवरची माझी एक सहकारी आहे हे मला माहीत होतं, कारण तिनेच एकदा सांगितलं होतं. तीन नंबरच्या लाइनवर सील तपासते. तिच्याइतकी बारीक नजर आमच्या विभागात कुणाची नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, तुझी पेस्लिप घेऊन बसूया का?

दोन आठवड्यांचा पगार १,९०० डॉलर. ४ टक्के म्हणजे ७६. मी तिला दाखवलं की ७६ कापले तर फेडरल टॅक्स वाचून हातातली रक्कम ६७ च्या आसपासच कमी होते. तिने मान डोलावली आणि विचारलं, कंपनी किती घालणार? मी म्हटलं, १९.

तिने पेन घेतलं आणि पेस्लिपच्या मागे १९ लिहिलं. मग म्हणाली, आणि तेही माझे व्हायला सहा वर्षं? इथे येऊन मला दीड वर्ष झालंय. आधीच्या दोन्ही कारखान्यांत तीन वर्षांच्या आत माणसं कमी केली. मुलाच्या दम्याच्या औषधाला ६७ डॉलर लागतात.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं गणित बरोबर होतं. इतके दिवस मला वाटत होतं की हे लोक विचार करत नाहीत. ती माझ्यापेक्षा नीट विचार करत होती, समोर ठेवलेला मालच हलका होता.

पंचगंगा | २ एप्रिल २०२५

मोगराताई, हे वाचून डोळ्यांसमोर वडील आले. हे एचआरला सांगा. असंच, आकड्यांसकट.

आकडेमोड | ३ एप्रिल २०२५

सांगाच, आणि जाताना हे घेऊन जा.

सेफ हार्बर मॅच: पहिल्या ३ टक्क्यांवर डॉलरला डॉलर, पुढच्या २ टक्क्यांवर डॉलरला ५० सेंट. ५ टक्के भरणाऱ्याला ४ टक्के मिळतात, आणि ते लगेच पूर्ण त्याचे. हे दिलं की एडीपी आणि या मॅचची एसीपी द्यावीच लागत नाही. वरचे लोक पूर्ण मर्यादेपर्यंत निर्धास्त भरू शकतात. (करपश्चात पैसे भरून ते रॉथमध्ये वळवणाऱ्यांनी, म्हणजे 'मेगा बॅकडोर' करणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्या पैशांची एसीपी सेफ हार्बरमध्येही चुकत नाही.)

दुसरा प्रकार २००६ च्या पेन्शन कायद्याने आला. त्यात लोकांना आपोआप प्लॅनमध्ये घेतात, किमान ३ टक्क्यांनी सुरुवात, नको असेल त्याने बाहेर पडायचं. मॅच पहिल्या १ टक्क्यावर पूर्ण आणि पुढच्या ५ वर अर्धा, म्हणजे साडेतीन टक्के. हक्क पूर्ण व्हायला फार तर दोन वर्षं. लोक आपोआप आत येतात हा याचा मोठा गुण. नव्या प्लॅनना तर २०२५ पासून हे आपोआप घेणं बंधनकारकच झालंय, दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या आणि अगदी नव्या कंपन्या सोडून. तुमचा प्लॅन जुना असल्याने सुटला.

मॅचवाला सेफ हार्बर वर्षाच्या मध्ये सुरू होत नाही. १ जानेवारी २०२६ साठी हवा असेल तर नोटीस वर्ष सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी सगळ्यांच्या हातात पडली पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यातच निर्णय हवा. मालकांना एवढंच विचारा की दरवर्षी सहा महत्त्वाच्या माणसांना असे चेक पाठवत राहणं त्यांना परवडतं का. त्या सहांत ते स्वतः असतील, तर अर्धं काम झालं.

आणि त्या ताईंना एक सांगा. कमी उत्पन्नवाल्यांना सेव्हर्स क्रेडिट, म्हणजे निवृत्तीच्या बचतीवर करात सूट, मिळू शकतं. २०२७ पासून त्याच्या जागी सरकारी मॅच येणार आहे, २,००० डॉलरपर्यंतच्या बचतीवर निम्मे, थेट खात्यात.

नागपूरकर_डॅलस | ३ एप्रिल २०२५

मी आमच्या प्लॅनचं पुस्तक उघडलं. १ टक्का मॅच, सहा वर्षं. इतकी वर्षं मी ते बघितलं नव्हतं. आधी जे लिहिलं ते मागे घेतो.

मोगरा_ओहायो | १९ सप्टेंबर २०२५

एवढे दिवस काही लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. जूनमध्ये एचआर आणि फायनान्ससमोर आम्ही तिघांनी मांडणी केली. मी तो १९ चा हिशेब फळ्यावर लिहिला. फायनान्सप्रमुखांनाही मार्चमध्ये चेक आला होता, हे मला तिथे कळलं. खर्चावरून बरीच खेचाखेची झाली. क्यूनेकला साफ नकार, आपोआप घ्यायलाही नकार, पगारातून न विचारता कापलेलं लोकांना आवडणार नाही म्हणून. मला ते चुकीचं वाटतं आणि मी तसं बोलले. पण काल कळवलं की १ जानेवारीपासून सेफ हार्बर मॅच देणार.

यंदाची टेस्ट जुन्याच नियमांनी होणार. २०२४ चा पगार १,५५,००० च्या वर गेल्याने मी पुन्हा एचसीई आहे. मी कपात ७ टक्क्यांवर आणली आणि उरलेले साध्या खात्यात टाकतेय.

दंतवैद्य_ह्यूस्टन | १९ सप्टेंबर २०२५

मनापासून अभिनंदन. नोटीस फक्त इंग्रजीत लावू देऊ नका. आमच्या स्टाफला मी स्पॅनिशमध्ये समजावून सांगितलं तेव्हाच प्रश्न यायला लागले.

मोगरा_ओहायो | ३ डिसेंबर २०२५

नोटीस वेळेत निघाली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही. जेवणाच्या खोलीत आणि हजेरीच्या यंत्राशेजारी लावली आहे. गेले दोन आठवडे मी सुट्टीत तिथे बसतेय, ज्याला हवं त्याची पेस्लिप घेऊन हिशेब करून देतेय. गुंतवणूक कशात करा हे मी सांगत नाही, ते माझं काम नव्हे. फक्त किती कापले जातील, हातात किती कमी येईल आणि कंपनी किती घालेल, हे तीन आकडे.

४१ पैकी २३ जणांनी फॉर्म भरले.

मोगरा_ओहायो | १६ जानेवारी २०२६

आज नव्या नियमांचा पहिला पगार झाला. तीन नंबरच्या लाइनवरची ती पेस्लिप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिने ५ टक्के भरले होते, म्हणजे ९५. कंपनीच्या रकान्यात ७६. तिने ती मागची, १९ लिहिलेली पेस्लिप पर्समध्ये जपून ठेवली होती. दोन्ही शेजारी ठेवून तिने विचारलं, हे आजपासूनच माझे ना? मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, उद्या मला काढलं तरी? मी म्हटलं, तरीही.